प्रवासाच्या दिवशी अर्धा कप

सापुताऱ्याला निघायच्या दिवशी सकाळी मी अर्धाच कप चहा घेतला आणि उरलेला, सून बघत नाही असं पाहून, सिंकमध्ये ओतला. सहा तासांचा रस्ता होता. प्रवासाच्या दिवशी बाईमाणसानं चहा अर्धा घ्यायचा आणि पाण्यानं नुसते ओठ ओले करायचे, हे माझ्या आईनं मला दांडिया बाजारातल्या घरी, मी परकर-पोलक्यात असतानाच शिकवलं होतं. कारण तिनं सांगितलं नाही. पुढे एसटीतून अंबाजीला गेलो तेव्हा ते मला आपोआप कळलं.

त्या सकाळी घरात माझ्या चहाकडे कुणाचं लक्ष नव्हतंच. सगळ्यांचं लक्ष नातीकडे. वय वर्षं पावणेतीन, डायपर सुटून जेमतेम दोन आठवडे झालेले. आमच्या गोत्रीच्या फ्लॅटमध्ये त्या दोन आठवड्यांत दुसरा विषय नव्हता. फ्रिजवर तक्ता लावलेला. तिनं 'शू आली' म्हटलं की हातातली पोळी तव्यावर सोडून धावायचं, काम झालं की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, आणि मग तिच्या हाताच्या पाठीवर चमकीचा एक तारा चिकटवायचा. तारा शू केल्याचा नव्हे, सांगितल्याचा. हा फरक सुनेनं मला तीनदा समजावला होता. आणि एक कडक नियम होता: तिला 'थांब' म्हणायचं नाही.

आता मी शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. 'थांब' हा शब्द काढून घेतला तर माझ्याकडे काय उरतं? वर्गात करंगळी वर झाली की मी फळ्याकडून मान न वळवता म्हणायची, "एवढं उदाहरण होऊ दे." सगळी मुलं थांबायची. त्यांचं काही बिघडलं नाही, असं मी सुनेला म्हणाले. ती म्हणाली, "आई, त्यांना विचारलंत का कधी?" सून माझी गोड आहे, पण असे प्रश्न टाकते.

निघायच्या आदल्या दिवशी मुलगा म्हणाला होता, "फक्त गाडीत असेपर्यंत डायपर घालूया. सहा तासांचा प्रश्न आहे." सुनेनं साफ नाही म्हटलं. "लागली की सांग, असं आपणच तिला शिकवलं. आता गाडीत बसलो म्हणून सांगू नकोस म्हणायचं? मग ती परत कशाला सांगेल?" मी मुलाच्या बाजूनं मान डोलावली. एवढंच करून थांबले असते तर ठीक. मी पर्समध्ये एक डायपर घडी करून ठेवलाही.

आणखी एक गोष्ट त्या दोघांना माहीत नव्हती. वर्षभरात मला दोनदा लघवीचा त्रास झाला होता. ताप, जळजळ, ओटीपोटात कळा. घरी मी 'पित्त झालंय' म्हणून सांगितलं आणि रिक्षा करून एकटीच आमच्या गुजराती डॉक्टरीणबाईंकडे गेले. दुसऱ्या खेपेला त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "मासी, पाणी पीवानुं, ने रोकवानुं नहीं. त्रीजी वार आव्यां तो दाखल करी दईश." मी हो हो म्हटलं. पाणी प्यायचं, अडवून ठेवायचं नाही, नाहीतर तिसऱ्या खेपेला दवाखान्यात दाखल. यात न समजण्यासारखं काय आहे? घरी मी पाणी प्यायचेही. पण प्रवास म्हणजे वेगळी गोष्ट. एका दिवसानं काय होतंय, असं मी स्वतःला सांगितलं आणि खंडेराव मार्केटातून आणलेल्या सीताफळांची पिशवी पायाशी घेऊन मागच्या सीटवर बसले. सुनेला मागे मळमळतं, म्हणून ती पुढे. मागे मी, माझ्याशेजारी नात तिच्या छोट्या खुर्चीत, आणि आमच्या दोघींच्या मध्ये खाली तिची निळी प्लास्टिकची पॉटी.

सोसायटीच्या फाटकातून गाडी बाहेर पडली आणि आवाज आला, "शू आली!"

"आत्ताच तर जाऊन आलीस गं!" मुलगा म्हणाला. सुनेनं त्याच्याकडे बघितलं. त्यानं गाडी बाजूला घेतली. शू खरंच आली होती, दोन थेंब. टाळ्या, तारा. हायवेला लागेपर्यंत आणखी एकदा. टोल नाक्यापाशी पुन्हा. तिथे एक ट्रकवाला आम्हाला वळसा घालून जाताना पॉटीकडे पाहून मनापासून हसला. नातीच्या हातावर तीन तारे झाले आणि ती ते मला मोजून दाखवायला लागली: एक, दोन, चार. मला मजा वाटत होती, खोटं कशाला सांगू? आमच्या वेळी प्रवासात या विषयावर इतकं मोकळेपणानं बोलणं कुणाला झेपलं नसतं.

भरूच मागे टाकून बराच वेळ झाला होता. सून पुढे डोळे मिटून बसली होती. नात माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, शू आली." रस्त्याच्या कडेला एक ढाबा दिसत होता, बाहेर चार बाजा, पाण्याची टाकी. मला तो कळकट वाटला. माझ्या तोंडून निघून गेलं, "थांब हं जरा. पुढे चांगलं हॉटेल येईल."

मुलानं ते ऐकलं आणि गाडी तशीच पुढे नेली. पुढे चांगलं हॉटेल नाही आलं. कारखान्यांच्या भिंती आल्या, मग ट्रकांची रांग लागली. नात एकदम गप्प झाली. मी पाहिलं तर तिच्या फ्रॉकखालून खुर्चीची गादी ओली होत होती आणि ती त्याकडे बघत होती. मग तिनं माझ्याकडे बघितलं.

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली. आणि रडायला लागली.

रागावून नव्हती म्हणाली ती. शाळेत प्रामाणिक मुलं गृहपाठाची वही घरी राहिली की जसं सांगतात, तसं. आपण आपलं काम केलं होतं आणि तरी हे झालं, हे तिला समजत नव्हतं. गाडी थांबवून सुनेनं तिचे कपडे बदलले, गादी पुसली, 'काही हरकत नाही बेटा' म्हणून दहा वेळा पापे घेतले. मला ती एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. पर्समधला डायपर मला तेव्हा आठवला, आणि पर्स मी पायाखाली सरकवली.

त्यानंतर दोन तास नात काही म्हणालीच नाही. जेवायला एका मोठ्या हॉटेलात थांबलो. तिथे तिला नेलं, ती दारातून परत आली. "नाही आली." मीही गेले होते. बायकांच्या दाराला कडी नव्हती आणि समोर एका लग्झरी बसमधले पुरुष घोळक्यानं उभे होते. सुनेला 'दाराशी उभी राहा' म्हणायला किती वेळ लागला असता? पण मी मागे फिरले, आणि दशमी-थेपल्यांचा डबा उघडला. पाण्याचा पेला तेवढा मुलाकडे सरकवला.

पुन्हा गाडीत बसल्यावर सुनेनं पुढून बाटली मागे दिली. "आई, हिला पाणी पाजा ना, सकाळपासून फार प्यायली नाहीये." मी टोपण उघडून बाटली नातीच्या तोंडाशी धरली. तिनं ती हातानं बाजूला केली. पाय एकमेकांत घट्ट अडकवलेले, नजर खिडकीबाहेर.

"नको," ती म्हणाली.

ते 'नको' माझं होतं.

आमचे हे जाऊन आता चार वर्षं झाली. आम्ही दोघांनी एसटीनं पुष्कळ प्रवास केला. अंबाजी, द्वारका, उज्जैन, नाशिक. बस थांबली की हे उतरायचे, इतर पुरुषांबरोबर कुठल्याशा भिंतीआड जाऊन यायचे, चहा घ्यायचे आणि मग माझ्या खिडकीखाली येऊन, बसच्या पत्र्यावर हात ठेवून, वर बघून विचारायचे, "तुला काही हवंय?" मी म्हणायची, "नको." मनापासून विचारायचे ते. मीच कधी सांगितलं नाही. बारा-बारा तास मी पाय आवळून बसले आहे. आणि घरी आल्यावर हे कौतुकानं सगळ्यांना सांगायचे, "आमची ही प्रवासाला एकदम चांगली. काही म्हणजे काही मागत नाही." ते ऐकून मला अभिमान वाटायचा, हेही खरं. आज वाईट वाटतं ते याचंच जास्त वाटतं.

वघई गेलं आणि घाट सुरू झाला. दोन्ही बाजूंना सागाचं रान. वळणावळणाला माझ्या ओटीपोटात ओळखीची कळ यायला लागली. मागच्या दोन्ही खेपांची सुरुवात अशीच झाली होती. डॉक्टरीणबाईंचा चष्मा डोळ्यांसमोर आला. शेजारी नात तशीच, पाय अडकवून. दोन आठवडे घरभर टाळ्या वाजवून जे शिकवलं होतं, ते मी एका वाक्यात पुसून टाकलं होतं आणि त्या जागी माझं शिकवलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान ही म्हण माझ्याइतकी कुणाला लागू पडत नसेल.

तिला 'सांग गं बाई' म्हणून उपयोग नव्हता. सुनेनं ते तासभर करून पाहिलं होतं. म्हणून मी पुढच्या सीटच्या पाठीवर थाप मारली आणि मोठ्यानं म्हणाले, "गाडी थांबव. मला शू आली आहे."

मुलानं आरशातून पाहिलं. "काय?"

"मराठीतच बोलले ना? थांबव."

"आई, सापुतारा आता अर्ध्या तासावर आहे, तिथे चांगलं..."

"मी सांगितलंय," मी म्हणाले. "आत्ता."

त्यानं पुढच्या वळणापलीकडे, जरा रुंद जागा होती तिथे, गाडी घेतली. सून उतरली, तिनं ओढणी सोडली. एवढ्यात मागून नातीनं वाकून आपली निळी पॉटी दोन्ही हातांनी उचलायचा प्रयत्न केला. "आजी, माझी घे." आम्ही तिघंही हसलो. मुलगा तर स्टिअरिंगवर डोकं टेकून हसला.

सागाच्या बुंध्याआड सुनेनं ओढणी धरली आणि दुसरीकडे तोंड केलं. तिची पाठ माझ्याकडे होती म्हणूनच असेल, मी तिला तिथेच सगळं सांगून टाकलं; दोन खेपांचा त्रास, औषधं, पित्ताचं खोटं, दाखल करायची धमकी. तिनं ओढणी आणखी ताणून धरली. मग म्हणाली, "आई, सोमवारी मी येते तुमच्याबरोबर डॉक्टरांकडे. आणि इथे काहीही लागलं तर पहिलं मला सांगायचं." मी बरं म्हटलं. रस्त्यावर एक जीप हॉर्न देत गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं होईल असं वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही. नुसतं हायसं वाटलं.

गाडीपाशी आलो तर नात खुर्चीत उभी राहायच्या बेतात. टाळ्या वाजवत होती. "आजीनं सांगितलं! आजीनं सांगितलं!" मग गंभीर होऊन तिनं आपल्या हातावरचा एक तारा नखानं खरवडून काढला आणि माझ्या हाताच्या पाठीवर, शिरा वर आल्या आहेत तिथे, दाबून चिकटवला. त्याची अर्धी चमकी गेली होती.

मी तिच्याजवळ बसले. "मघाशी तू पण सांगितलं होतंस. मीच थांब म्हणाले. माझं चुकलं."

शाळेत एकतीस वर्षांत हे वाक्य मी कुठल्या मुलाला म्हणाल्याचं आठवत नाही. तिनं विचार केला. "हो," म्हणाली, "चुकलं." आणि लगेच, "मला पण आली."

पॉटी रानातच मांडली. इतक्या तासांचं साठलेलं होतं, वेळ लागला. टाळ्या मुलानं सगळ्यांत जोरात वाजवल्या. मग तिनं स्वतःच बाटली मागितली आणि घटाघटा प्यायली, उरलेली मला दिली. मी ती संपवली. पर्समधला डायपर काढून सुनेच्या हातात ठेवला. तिनं कपाळाला हात लावला, पण हसून.

सापुताऱ्याला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. तळ्याकाठी चहाच्या टपऱ्या, बोटींची रांग, थंड वारा. नात झोपली होती, तोंड उघडं, मूठ माझ्या पदरात. मुलानं गाडी लावली, उतरून आळस दिला आणि वळसा घालून माझ्या बाजूला आला. एक हात गाडीच्या टपावर ठेवून खिडकीशी वाकला. ही लकब त्याच्या वडिलांची आहे, त्याला ठाऊक नसेल.

"आई, तुला काही हवंय?"

तोंडात नेहमीचा शब्द आला होता. हातावरच्या ताऱ्याचं एक टोक सुटलं होतं, ते मी अंगठ्यानं दाबलं.

"हो," मी म्हणाले. "इथे बायकांची सोय कुठे आहे, ते आधी विचारून ये. मग चहा. पूर्ण कप."

तो विचारायला गेला.