विहीणबाईंचा सावकाश फटका

तर काल आपण कुठवर आलो होतो? हां. विहीणबाईंनी चेंडू मारला, चेंडू पुन्हा उजवीकडच्या झाडीत गेला आणि त्यांनी काठी पिशवीत अशी खुपसली, जशी तलवार म्यान करावी. "झालं," म्हणाल्या, "मनगट गेलं माझं. ही पिशवी आता लेकीला." एवढं सांगून होतंय तोच आमच्या हिनं जेवायला हाक मारली, आणि जेवणापुढे गोष्ट नाही हा आमच्या घरचा कायदा आहे.

आज नवीन बसलेत त्यांच्यासाठी थोडं मागं जातो. विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची आई. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. अरुंद, पण आरशांमुळे दुप्पट वाटतं. गिऱ्हाईक आत आलं की बाई त्याच्या डोळ्यांकडे बघतच नाहीत, आधी नाक बघतात. म्हणतात, "चष्मा नाकावर आणि कानांवर बसतो. डोळे फुकटचे मानकरी." नवी फ्रेम काचेच्या टेबलावर उलटी ठेवून बोटानं टिचकी मारतात. जरा जरी डुगडुगली, की गरम हवेवर धरतात, अंगठ्यानं दांडी वाकवतात, पुन्हा टिचकी. गिऱ्हाईक घाईत असो की रागात, फ्रेम चारही पायांवर उभी राहिल्याशिवाय दुकानाबाहेर जात नाही. मीसुद्धा त्या खुर्चीत बसलोय. नंबर तपासायचा तो थंडगार लोखंडी सांगाडा नाकावर चढवला, की माझे डोळे आपोआप मिटायचे. बाई दटावायच्या, "व्याहीबुवा, उघडा. मिटलेल्या डोळ्याला नंबर नसतो."

आता अशा बाईच्या हातात गोल्फची काठी आली कुठून? तर लेक शाळेत होती तेव्हा शाळेनं पोरींना गोल्फ शिकवायचं मनावर घेतलं. गावाबाहेरच्या मैदानावर सराव चालायचा. बाई दुकान बंद करून लेकीला आणायला जायच्या आणि बाकावर बसून जांभया द्यायच्या. शिकवणारे मास्तर एकदा म्हणाले, "बाई, नुसत्या बसण्यापेक्षा एक मारून तर बघा." बाईंनी मारला. त्या दिवसापासून लेक बाकावर आणि आई मैदानात! पुढे लेकही चांगली खेळायला लागली आणि दोघींची जोडी जमली. मैदानावर दर साली जोडीची स्पर्धा असते. या मायलेकी कधी जिंकल्या नाहीत. एकदा मात्र छत्री मिळाली होती, शेवटून पहिल्या आल्या म्हणून. ती छत्री बाई अजून अभिमानानं वापरतात.

आणि मग त्या दुकानात स्टुलावरून पडल्या. वरच्या फळीवरचा डबा काढायला गेल्या, डबा आला, बाईही आल्या. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर झालं, निघालं. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, खुशाल खेळा. पण खेळायला लागल्या तर प्रत्येक चेंडू उजवीकडे, झाडीत. मास्तर केव्हाच गाव सोडून गेलेले, विचारायचं कुणाला? स्पर्धा तोंडावर आलेली आणि बाईंनी लेकीला सांगून टाकलं, "तू दुसरी जोडीदारीण बघ."

सून घरी आली ती तोंड पाडूनच. घासलेलं भांडं पुन्हा घासायला घेतलं. मी विचारलं, "काय गं?" तर म्हणाली, "बाबा, मला कप नकोय की छत्री नकोय. आई दुकान आणि घर एवढंच करत बसेल याची भीती वाटते. त्या मैदानावरच तर ती शिट्टी वाजवते." हे खरं होतं. विहीणबाई चेंडूमागे चालताना शिट्टी वाजवतात, आणि सुरात वाजवतात.

आता माझा प्रवेश. नातीच्या जन्माच्या वेळी मुलानं मला एक कॅमेरा आणून दिला होता. खिशात मावेल एवढाच, पण गुणांचा. त्याच्यावर बटणं ढीगभर, पण मी आजवर दोनच दाबत आलो होतो, फोटो काढायचं आणि चित्र जवळ आणायचं. सून तो घेऊन बसली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "बाबा, यात स्लो मोशन आहे! नजरेला सापडत नाही ते यात दिसेल." लगेच आईला फोन लावला. "एकदा फटक्याचं शूटिंग करू. मनगट खरंच कामातून गेलेलं दिसलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

तिकडून उत्तर आलं, "चालेल. पंच नेमायचाच तर यंत्र बरं. नातेवाईक नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं सरावाच्या मैदानावर. विहीणबाई, सून, मी, आणि चहाचा थर्मास घेऊन आमची ही. ऊन चांगलंच चढलेलं, म्हणून आम्ही शहाण्यासारखे पत्र्याच्या शेडखाली सावलीत उभे राहिलो. सुनेनं तीन पायांच्या स्टँडवर कॅमेरा बसवला, बाईंनी फटका मारला, आणि पडद्यावर बघतो तो काय? काळोखात एक भूत अंग मोडतंय. सून म्हणाली, यात डोळ्याचं पातं लवायच्या आत ढीगभर फोटो निघतात, म्हणून उजेड भरपूर लागतो. मला पटलं. उशिरा आलेल्या पाहुण्यांत उरलेली भाजी वाटली की एकेकाच्या ताटात काय पडणार?

मग उन्हात गेलो. सुनेनं कॅमेरा आईच्या मागच्या अंगाला लावला, हातांच्या उंचीला. या खेपेला चित्र लख्ख आलं. काठी संथपणे वर गेली, जणू कुणी अंथरुणातून कंटाळत उठतंय. मग खाली यायला लागली आणि मी ओरडलोच, "अहो, काठी बघा! वाकडी झालीय! विळा झालाय नुसता!"

खरंच सांगतो, पडद्यावर काठी विळ्यासारखी वाकलेली होती. मला वाटलं, सापडला चोर. मनगट बिचारं निर्दोष, काठीच फितूर. विहीणबाईंनी शांतपणे काठी उचलली, चष्म्याची दांडी तपासावी तशी एक डोळा बारीक करून तिच्यावरून नजर फिरवली. "सरळ आहे. व्याहीबुवा, वाकडी दांडी माझ्या हातून सुटायची नाही."

सुनेनं खुलासा केला. हा कॅमेरा अख्खं चित्र एकदम घेत नाही, पान वाचावं तसं वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत घेत जातो. तो खाली पोचेपर्यंत काठी पुढे गेलेली असते, म्हणून वाकडी दिसते. हे मात्र मला झटक्यात कळलं. आमच्या गावच्या शाळेत गुरुजी मान खाली घालून हजेरी घ्यायचे, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत. पुढच्या रांगेतला पोरगा 'हजर' म्हणून वाकून मागे पळायचा आणि न आलेल्या दोस्ताच्या नावालाही 'हजर' म्हणायचा. हजेरी बघितली तर वर्ग भरलेला, वर्ग बघितला तर बाकं रिकामी. तसंच हे.

सुनेनं चित्र थांबवून थांबवून आईचं मनगट दाखवलं. चेंडूपाशी येताना चांगलं सरळ होतं. "बघ, कुठे गेलंय?"

"मागून सगळेच सरळ दिसतात," विहीणबाई म्हणाल्या. "चेंडू तर झाडीतच गेला ना?"

गेला होता खरा. म्हणून ठरलं, आता समोरून घ्यायचं. सून चटईवर चेंडू ठेवायला गेली आणि कॅमेरा माझ्या ताब्यात आला. "बाबा, आई अख्खी यायला हवी हं. पायापासून काठीच्या टोकापर्यंत."

"अगं हो," मी म्हटलं. "मला काय फोटो काढता येत नाही?"

आता माझ्या हाताला वळणच तसं. नात, मुलगा, शेजारी, कुणीही समोर आलं की मी बटण दाबून दाबून चेहरा जवळ आणतो. माणूस म्हणजे चेहरा, हातपाय काय, सगळ्यांना सारखेच! अंगठा आपोआप त्या जवळ आणायच्या बटणावर गेला. आणि या स्लो मोशनची खोड अशी, की एकदा सुरू झालं की जवळ आणलेलं चित्र मागे घेता येत नाही. विहीणबाईंनी फटका मारला. मी खूश.

सगळे पडद्याभोवती वाकलो. उन्हात दिसेना म्हणून हिनं पदर आडवा धरला. पडद्यावर नुसतं विहीणबाईंचं तोंड.

"बाबा!" सून म्हणाली. "हात कुठे आहेत? काठी कुठे आहे?"

"यांना हत्तीचा फोटो काढायला सांग," आमची ही म्हणाली, "पासपोर्टचाच निघेल."

सुनेचा अंगठा पुसायच्या बटणावर गेला. तेवढ्यात विहीणबाईंनी तिचा हात धरला. "थांब. पुसू नकोस. पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. त्या फिल्मला आवाज नसतो. नजर खाली चेंडूवर, स्थिर. कानातलं हळूच मागे गेलं, हळूच पुढे आलं. मग गाल वर सरकायला लागले, कपाळाला आठ्या पडल्या, आणि दोन्ही डोळे गच्च मिटले. कडू औषध पिताना पोर मिटतं तसे. तोंड डावीकडे वळलं, तडतडणाऱ्या तेलापासून वळवावं तसं. आणि हे सगळं झाल्यावर, मग कुठे चौकटीच्या तळाशी खांदा पुढे सरकला. म्हणजे काठी चेंडूला लागायच्या आधीच बाई तिथून निघून गेल्या होत्या! डोकं गेलं, त्यापाठोपाठ अंग वळलं, आणि चेंडू बिचारा झाडीत.

विहीणबाई स्वतःच्या चेहऱ्यावर आणखी वाकल्या. मला वाटलं, आता रडतात की काय. तर हसायलाच लागल्या.

"मनगट नाही गं," लेकीला म्हणाल्या. "दुखेल म्हणून मी घाबरतेय. हाड जुळलंय हे हाडाला कळलंय, मलाच कळलेलं नाही."

आमची ही कसली सोडते? "विहीणबाई, मिटलेल्या डोळ्याला नंबर नसतो हो!"

"द्या, द्या टोला. माझाच माल मला विका," म्हणत बाईंनी पर्समधून पेन काढलं. दुकानात नव्या काचेवर, बुबुळ नेमकं जिथे येतं तिथे, त्या या पेनानं ठिपका देतात. तसाच बारीक ठिपका त्यांनी चेंडूवर दिला, ठिपका वर करून चेंडू ठेवला आणि स्वतःलाच दटावलं, "हा जाताना दिसला पाहिजे."

पहिला फटका गवताला लागला. चेंडू चार पावलं लोळून थांबला, पेंगुळल्यासारखा. पण बाई ओरडल्या, "दिसला! ठिपका हलताना दिसला मला!" मनगट चोळून पाहिलं, म्हणाल्या, "आणि दुखलं नाही." आणखी काही तसेच लोळत गेले, एखाददुसरा जुन्या ओळखीनं झाडीत डोकावून आला. मग एक असा बसला, की आवाजावरूनच कळलं. फार लांब नाही गेला, पण दोरी आखल्यासारखा सरळ गेला. सुनेनं तो नीट, अख्खा टिपला. त्यात आईचे डोळे एवढे उघडे आहेत, की भूत बघितल्यासारखे वाटतात. आणि चेंडू गेल्यावर ओठांचा जो चंबू झालाय, ती शिट्टी आहे. आवाज नाही, तरी मला ऐकू येते.

चहा झाला. सून पिशवी उचलायला वाकली, तर विहीणबाईंनी पट्टा आधीच आपल्या खांद्यावर घेतलेला. मला गप्प राहवतंय होय? मी म्हटलं, "काय विहीणबाई, पिशवी लेकीला द्यायचं ठरलं होतं ना?"

त्यावर त्या जे बोलल्या ते शब्दाला शब्द सांगतो.

"पिशवी स्पर्धेत लागणाराय मला. तुम्ही तेवढे उद्या दुकानात या, व्याहीबुवा. अख्खी बाई समोर उभी असताना ज्याला नुसतं तोंड दिसतं, त्याचा नंबर वाढलाय."