कल्ल्यात बोट

शुक्रवारी सकाळी आमचे हे इथे आखातात, मनामाच्या मासळी बाजारात शिरले की मागोमाग आमची अर्धी गुदैबिया वस्ती चालते. म्हणजे आमच्या इमारतीतली माणसं: वरच्या मजल्यावरच्या रत्नागिरीच्या भाभी, तळमजल्यावरचे ड्रायव्हरकाका आणि पिशव्या सांभाळायला मी. मासा कुणीही पसंत करावा, पण घ्यायचा तो यांनी पास केल्यावरच. परीक्षा ठरलेली. आधी माशाच्या डोळ्यांत रोखून बघायचं, मग पोटावर अंगठा दाबायचा, मग कल्ला उचलून आत बोट घालायचं. शेवटी त्या बोटाचा वास घेऊन निकाल जाहीर: "घ्या भाभी. कच्चा खाल्लात तरी चालेल!"

घरी मात्र हाच माणूस सुरमईची तुकडी जराशी ओलसर राहिली तरी "परत तव्यावर टाक" म्हणून ताटातून परत पाठवतो.

यंदा मुलीच्या हट्टापायी आम्ही जपानला गेलो. देवळं झाली, बागा झाल्या. यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. मग एका गल्लीत छताखालचा मासळी बाजार दिसला आणि स्वारी खुलली.

आत गेल्यावर मी हबकलेच. मासळी बाजार, आणि वास नाही! माशी नाही, चिखल नाही, "यल्ला, यल्ला, चला पुढे" करत कुणी कोपर मारत नाही. बर्फावर मासे असे मांडलेले, की सराफाकडे आल्यासारखं वाटावं. लोक हात मागे बांधून बघत होते. प्रत्येक गाळ्यावर पाटी: हाताचं चित्र आणि त्यावर भली मोठी लाल फुली.

"बाबा, डोन्ट टच," मुलगी म्हणाली.

"ते ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी," असं म्हणून यांनी बाही वर सारली.

तांबोशीचा थोरला भाऊ शोभेल असा एक लालबुंद मासा होता. यांनी डोळे तपासले, पोट दाबलं, आणि कल्ला उचलून बोट आत! गाळ्यासमोरची माणसं दोन पावलं मागे सरली. रबरी बूट घातलेला मासेवाला धावत आला आणि यांच्यापुढे कमरेत वाकला.

"बघितलंस? ओळखलं त्यानं," हे माझ्या कानात पुटपुटले.

मासेवाला मग बरंच काही बोलला. मुलीने मोबाइल पुढे धरून त्याचं भाषांतर करून घेतलं. "बाबा, तो म्हणतोय, तुम्ही हात लावला, सो आता हा फिश तुमचा."

"मग घेऊ की! पास आहे तो."

"आणि शिजवणार कुठे अहो?" मी विचारलं. "हॉटेलच्या खोलीत चहाची किटली आहे नुसती."

मुलीने तेही मासेवाल्याला विचारलं. त्याचा चेहरा उजळला. एवढा ताजा मासा शिजवायचा कशाला? त्याने लांब सुरी काढली, आणि बघता बघता यांच्यासमोर गुलाबी कापांची ताटली आली. मघाशी यांचं बोट पाहिलेली सगळी माणसं आता तोंड पाहायला थांबली.

हे माझ्याकडे वळले.

"लिंबू आहे का गं?"

"नाही."

"मसाला?"

मालवणी मसाल्याची पुडी प्रवासात माझ्या पर्समध्ये असतेच. मी पर्स काखेत घट्ट दाबली. "मसाला कशाला? तुम्हीच पास केलाय ना?"

यांनी एक काप उचलला, डोळे मिटले आणि लहानपणीची कडू गोळी गिळावी तसा गिळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मासेवाला पुन्हा वाकला. यांनाही वाकावं लागलं, पण तोंडावर हात ठेवून. उरलेली ताटली मुलीने मिटक्या मारत संपवली.

परत आल्यावरच्या पहिल्याच शुक्रवारी भाभींनी यांच्यापुढे जाडजूड हामूर मासा धरला. "काय भाऊजी, जपान बघून आलात, आता आमचा बाजार कुठला आवडायला! पण हा तेवढा बघा."

डोळे बघून झाले. पोट दाबून झालं. बोट आत गेलं, नाकाशी आलं. ड्रायव्हरकाकांनी पिशवीचं तोंड उघडून धरलं. आता ते वाक्य येणार म्हणून सगळे थांबले.

"कच्चा..." यांनी सुरुवात केली आणि त्यांची नजर माझ्याकडे गेली. मी पर्स उघडून मसाल्याची पुडी बाहेर काढली.

"कच्चा ठेवू नका, भाभी," हे म्हणाले. "कालवण करा. चांगलं रटरटू द्या."