वासुदेवचा ‘आठ’

कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की मला बुलढाण्यातली आमच्या कॉलेजची संगणक-खोली आठवते. चपला बाहेर काढून आत शिरावे लागे. चाळिशीत मी पुन्हा विद्यार्थी झालो होतो, आणि पुण्यातील एका ग्रंथालयाला ‘मुलाखतीस येतो’ असे त्याच दिवशी ईमेलने कळवायचे होते.

वर्गातला वासुदेव शेजारी बसून पत्ता सांगत होता. “लिहा काका, ग्रंथालय, मंग आठ...” मी आठचा आकडा दाबला. यंत्राने पत्र तीनदा नाकारले, मग इंटरनेट ज्यावर चाले ती फोनची लाइनच तुटली. मुलाखत हुकली ती कायमची.

वासुदेव आजही लग्नालग्नांत सांगतो, “काकाले ॲटची खूण माहीत नव्हती, आठ दाबला!” हे साफ खोटे आहे. त्याने आठच म्हटले होते. मी हे सांगितले की लोक हसतात.

परवा मोताळ्याच्या लग्नात, कूलरसमोर, तो फोनवर कोणाला तरी आपला पत्ता सांगत होता, “वासुदेव, मंग आठ...” मी त्याचा हात धरला. “काय म्हणालास?”

“ॲटले आठच म्हणतो ना मी, काका. काऊन?”

मंडपात बँड वाजत होता. त्याचे ते वाक्य ऐकणारा माझ्याशिवाय कोणीच नव्हता.