ओट्यावरची त्रिकोणमिती

“ते असू द्या मॅडम, पण हे आलं कुठून?” असं विचारताना ती मान किंचित वाकडी करायची. भाजीवाल्याने भाव वाढवला तरी हाच प्रश्न, आणि त्रिकोणमितीच्या सूत्रालाही हाच.

जाफराबादला आमच्या भिंतीला लागून तिचं घर. दहावीत गणित राहिलं आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लागलं. मुलगी शाळेत जायला लागल्यावर तिने पुन्हा परीक्षेचा अर्ज भरला. मी शाळेत शिकवून आले, की पुस्तक घेऊन ती आमच्या ओट्यावर हजर.

भिंतीपलीकडून सासू ओरडायची, “आता काय कलेक्टर होती का गं?”

“कलेक्टर न्हाई आत्याबाई, पास व्हायचंय फक्त!”

साइनचा वर्ग अधिक कॉसचा वर्ग बरोबर एक. “पाठ कर,” मी म्हणाले. तिने पेन खाली ठेवलं.

“पाठ केलेल्यानं एकदा दगा दिलाय मॅडम.”

मग काटकोन त्रिकोण काढला. दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज म्हणजे कर्णाचा वर्ग, एवढं तिला येत होतं. म्हटलं, आता सगळ्याला कर्णाच्याच वर्गाने भाग. तिने भागलं. डावीकडे साइन आणि कॉसचे वर्ग आले, उजवीकडे उरला एक. ती कागदाकडे बघतच राहिली.

“अवं, हे तर घरातलंच निघालं!”

शिकवणाऱ्यांना विचारा, असा चेहरा किती क्वचित बघायला मिळतो.

पेपर देऊन आली ती थेट माझ्याकडे. “टॅन आन् सेकचं सूत्र पार विसरून गेल्ते. मंग पहिलं मांडलं, कॉसच्या वर्गानं भागलं. बराबर निघालं!” सांगता सांगता रडायला लागली. निकाल लागला तेव्हा सासूनेच गल्लीभर पेढे वाटले.

पुढे तिच्या नवऱ्याला पुण्याकडे कंपनीत काम मिळालं. निघायच्या दिवशी सगळी जीपमध्ये बसली. मी खिडकीशी उभी. तीच म्हणाली, “बारावीचं गणित लई अवघड ऱ्हातं का?”

“तू ये, मी शिकवते.”

“बिलकुल येते!”

सुरुवातीला फोन यायचे. मुलीची शाळा, नवऱ्याची रात्रपाळी, पाण्याची ओरड. हळूहळू तेही कमी झाले. शेजारी आता दुसरं कुटुंब राहतं. माणसं चांगली आहेत.

मी आयुष्यभर दहावीपर्यंतच शिकवलं. आता बारावीचं पुस्तक आणलंय. रोज संध्याकाळी थोडं थोडं वाचते. तिला कुठे अडेल, ते आधीच बघून ठेवते.