हंसाबाईचं चारोळीचं जातं

पुसदच्या वरच्या अंगाला, डोंगरालगतच्या तांड्यावर हंसाबाईचं जातं आहे. गव्हाचं नव्हे, चाराच्या आठळ्यांचं. चारं ही जंगलातली काळी फळं माणसं येता-जाता तोंडात टाकतात, गर चोखून आठळी थुंकतात. पण त्या वाटाण्याएवढ्या टणक आठळीच्या पोटातच चारोळी असते. ती अख्खी काढायची तर हंसाबाईकडं जायचं, हा चार गावांचा चाळीस वर्षांचा रिवाज.

जात्याच्या मधल्या खिळ्याला चिंधीचं कडं घालून वरची तळी जराशी उचलून धरायची, एवढंच कसब. कडं जाड झालं की आठळ्या साबूत निसटतात, पातळ झालं की दाण्याचा चुरा. नीट बसलं तर कटकट वाजतं, बिघडलं तर कचकच. हंसाबाई डोळे मिटून कानानं दळायची.

यंदा वैशाखात शेजारच्या गावची कांताबाई आपली चारोळी न्यायला आली. "काय हात हाय वं तुहा! एक दाना तुटला नाही."

"उगीच नाही चाळीस साल घासले," हंसाबाई फुगली.

दुपारी मीठ शोधताना तिनं फळीवरचा डबा उघडला. आत गच्च चारोळीचा चुरा.

तेवढ्यात सून उज्ज्वला पाणी घेऊन आली. सासूला ती याडी, म्हणजे आई, म्हणे.

"हे काय वं?"

"खिरीले ठेवलं, याडी!" उज्ज्वला मोठ्यानं म्हणाली. गेले काही महिने ती मोठ्यानंच बोलायची. हंसाबाईला वाटे, सून तोंडाळ झाली.

"येवढी खीर कोन खाते? तांड्यात लगन हाय काय?"

उज्ज्वलानं घागर उतरवली. "जातं कचकच करून राह्यलं, याडी. तुले आयकू येत नाही. तुटके दाने काढून मी आपल्या घरचे गेल्या सालचे अख्खे टाकतो लोकायच्या चारोळीत."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"जातं सुटलं असतं तुह्यं."

हंसाबाईनं डब्याचं झाकण लावलं.

दोन दिवसांनी कांताबाई दुसरं गाठोडं घेऊन आली. गप्प राहिलं असतं तर नाव राहत होतं. हंसाबाई म्हणाली, "मांगची चारोळी माह्या एकटीच्या हातची नोयती, कांताबाई. मले कमी आयकू येते. आता जात्यावर हे सून बसन. पटत असन तं ठेव, नाही तं उचल."

कांताबाईनं सासूकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं. गाठोडं न सोडताच ती खाली बसली. "पाह्यतो पह्यले."

उज्ज्वलानं घरच्या मूठभर आठळ्या जात्यात टाकल्या आणि खुंटा धरला. दोन फेरे झाले.

"कसा येऊन राह्यला आवाज?" हंसाबाईनं विचारलं.

"फुटाने चावल्यासारखा."

"कडक का सादळलेले?"

उज्ज्वलानं आणखी एक फेरा घेतला. "जरासे सादळलेले."

"मंग चिंधीचा एक येढा वाढव."

उज्ज्वलानं वरची तळी उचलली, कड्याला वेढा दिला, तळी पुन्हा बसवली. जातं फिरलं. कांताबाईच पुढं वाकली आणि हंसाबाईच्या कानाशी ओरडली, "आता कडक येऊन राह्यला वं!"

"बोंबलू नको," हंसाबाई म्हणाली. "तिले सांगू दे."

"कडक, याडी."

हंसाबाईनं कांताबाईच्या मांडीवरचं गाठोडं ओढलं आणि गाठ सोडली.