पेशंटच्या खुर्चीत

१२ फेब्रुवारी, बुधवार. उजवा गुडघा आज नव्वद अंश वाकला. काल अठ्ठ्याऐंशी होता. वरच्या मजल्यावरच्यांनी शिडी परत केली, एक पायरी सैल करून. दुपारी झोप नाही. संध्याकाळी सुनेला चाळीस प्रश्न विचारले. तेहतीस बरोबर, सात चूक. चुकलेले मागच्या पानावर उतरवले. परीक्षेला अडतीस दिवस.

ही नोंद सासूबाईंची. त्यांची वही म्हणजे घराचा पंचनामा. कॉन्व्हेंट शाळेत असताना सिस्टरांनी पट्टीने समास आखायला लावला, तो त्यांनी वयाच्या पंच्याहत्तरीतही सोडला नव्हता. घरात कुणी शिंकलं तरी आई तारीख टाकते, असं त्यांचा मुलगा म्हणायचा. पण गोष्ट त्यांची नाही, त्यांच्या सुनेची आहे.

सून फिजिओथेरपी शिकलेली होती. परवान्याची परीक्षा तेवढी राहिली होती. पुढच्या वर्षी देऊ, पुढच्या वर्षी देऊ, म्हणता म्हणता लग्न झालं, मुलगी झाली, सासऱ्यांचं आजारपण झालं, आणि ते पुढचं वर्ष काही उजाडलं नाही. चौदा वर्षं ती एका क्लिनिकमध्ये मदतनीस म्हणून राबत होती. पेशंट तिला व्यायामताई म्हणायचे. क्लिनिक ज्यांचं, त्या मोठ्या मॅडम दिवसातून दोनदा फेरी मारून जायच्या. बाकी खांदे, गुडघे, कंबरा सगळं हिच्याच हाती.

मग नियम कडक झाले. परवाना नसलेल्या माणसाने पेशंटला एकट्याने हात लावायचा नाही. मोठ्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "एप्रिलपर्यंत मी ओढून नेते. त्यानंतर तुला शेकाच्या पिशव्या आणि मशीन पुसणं, एवढंच देता येईल गं."

परीक्षा तीनदाच देता येत होती. तिसऱ्यांदा गेली, तर दोन वर्षांचा अभ्यासक्रम पहिल्यापासून. आणि दोनदा देऊन झाली होती. पहिल्यांदा सहा गुणांनी गेली, दुसऱ्यांदा चारांनी. दोन्ही निकालपत्रांत एकच रकाना लाल: चालणं, तोल आणि हालचाल. चौदा वर्षं माणसांना चालायला शिकवणारी बाई चालण्यातच नापास, म्हणजे पोहणाऱ्याने घागरीत बुडावं तसं. नवरा बिचारा समजूत घालायला गेला, "अगं, नशीब असतं एकेकाचं." ती म्हणाली, "नशिबाला चार गुण कमी पडत नाहीत. मला पडतात." आणि पुस्तक उघडून बसली.

डिसेंबरात सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून दोघींचा एक करार होता. संध्याकाळी सहा ते साडेसात सून त्यांचा व्यायाम घ्यायची आणि त्या पुस्तक मांडीवर ठेवून तिला प्रश्न विचारायच्या. सासूबाईंना विषय कळत नव्हता, पण बरोबर उत्तराचं अक्षर मागच्या पानावर छापलेलं होतं आणि त्यांना तेवढं पुरत होतं. हृदयाचे ठोके, फुप्फुसं, भाजलेली कातडी, कुठल्या औषधाने चक्कर येते, सगळं ती धडाधडा सांगायची. चालण्याचे प्रश्न आले की गाडी अडायची. म्हणून तिने त्या प्रकरणाचं तीनदा पारायण केलं. चौथ्यांदा सुरू केलं. चुका तेवढ्याच.

पंधरा तारखेला, शनिवारी, दोघी घराच्या दारापुढच्या तीन पायऱ्यांवर उभ्या होत्या. सासूबाईंना काठी घेऊन पायऱ्या उतरायला शिकवायचं होतं. सून खाली, त्यांच्याकडे तोंड करून. दाखवण्यासाठी तिने हातात छत्री घेतली होती.

"काठी डाव्या हातात, आई. दुखरा पाय उजवा, म्हणून काठी डावीकडे. उतरताना आधी काठी, मग दुखरा पाय, मग चांगला."

सासूबाई एक पायरी उतरल्या आणि थांबल्या. "तुझी छत्री कुठल्या हातात आहे?"

"डाव्या," सून न बघता म्हणाली.

"बघ."

तिने बघितलं. छत्री उजव्या हातात होती.

"समोर उभं राहिलं की तसंच करावं लागतं, आई," ती म्हणाली. "पेशंट आपल्याकडे बघून करतो. आपण आरशासारखं वागायचं. तुमची डावी, ती माझी उजवी."

"ते कळलं. पण मी तुझी विचारली होती, माझी नाही."

सासूबाईंनी काठी कठड्याला टेकवली. "परीक्षेत तुझ्यासमोर कोण उभं असतं गं?"

"कुणी नाही. छापलेलं असतं."

"मग उत्तर कसं काढतेस?"

सुनेला आपली खोड माहीत होती. ती प्रश्न वाचायची, डोळे मिटायची आणि टेबलाखाली स्वतःचे पाय, स्वतःचा खांदा हळूच हलवून बघायची. शरीराला विचारल्याशिवाय तिला उत्तरच सुचत नसे. आणि त्या शरीराने चौदा वर्षं, दिवसाला वीस पेशंटांपुढे, स्वतःच्या डाव्याला उजवा म्हटलं होतं.

"वही आणा," ती म्हणाली. मग सासूबाई पायरीवर आहेत हे तिच्या लक्षात आलं. "नको, मीच आणते."

वहीची मागची पानं दोघींनी पायरीवर बसूनच चाळली. गेल्या आठ दिवसांत अठ्ठावन्न चुका. सासूबाईंनी प्रत्येक प्रश्न दोन ओळींत उतरवलेला, म्हणून मोजणं सोपं गेलं. अठ्ठावन्नांपैकी एक्केचाळीस प्रश्नांत डावा नाही तर उजवा होता.

"काखेत कळसा," सासूबाई म्हणाल्या.

सुनेला हसू आलं नाही. आधी संताप आला. दोन वर्षं ती जे येत होतं तेच पुन्हा पुन्हा घोकत बसली होती. मग तिने वही मिटली. "पस्तीस दिवस आहेत. पुरतील."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी साधा उपाय काढला: हलायचंच नाही. हात मांडीखाली, पाय खुर्चीच्या दांडीला. चाळीस प्रश्न झाले. तेरा चूक. इतक्या कधीच नव्हत्या. हलणं बंद झालं तशी सुनेची अक्कलच गोठली. ज्या प्रश्नांत बाजूचा संबंधही नव्हता तेही गेले. सासूबाईंनी तेराखाली दोनदा रेघ मारली आणि उपाय आपला होता हेही प्रामाणिकपणे लिहिलं.

सोमवारी सून कामावरून आली, तर सासूबाई काठी टेकून उभ्या आणि त्यांची उंच पाठीची खुर्ची रिकामी.

"बस तिथे."

"ही तुमची खुर्ची आहे."

"म्हणूनच. आजपासून पेशंट तू. मी उभी राहते, माझ्या गुडघ्यालाही तेवढंच."

नवरा स्वयंपाकघरातून डोकावला. "या घरात आजारी नक्की कोण आहे?"

"तू भाजी चीर," सासूबाई म्हणाल्या.

त्या खुर्चीत बसल्यावर सुनेला वाट सापडली. ती प्रश्न मनातल्या मनात न वाचता मोठ्याने, स्वतःवर घेऊन वाचायला लागली. पुस्तकात असायचं, रुग्णाच्या मेंदूच्या डाव्या भागाला रक्त पोचलेलं नाही. ती म्हणायची, "माझ्या मेंदूच्या डाव्या भागाला रक्त पोचलं नाही. माझा उजवा हात उचलत नाही. मला शब्द सुचत नाहीत." आणि हात खरंच लुळा सोडायची. रुग्ण म्हणून कुणी समोर उरलाच नाही, की आरसाही उरत नव्हता. मुलीने एकदा मैत्रिणीला फोनवर सांगितलेलं तिने ऐकलं: "आईला रोज संध्याकाळी नवीन आजार होतो."

पण दीड तासाने काय होणार? दिवसभर क्लिनिकमध्ये जुनीच सवय पक्की होत होती. पहिल्या आठवड्यात चुका सातांवरून पाचांवर आल्या आणि तिथेच मुक्काम ठोकून बसल्या. म्हणून तिने क्लिनिकमध्येही आरसा सोडायचं ठरवलं. तिच्याकडे एक शिंपीकाका यायचे. पक्षाघाताच्या झटक्याने उजवा हात गेलेला. पुन्हा कात्री धरायची एवढंच त्यांचं मागणं. ती त्यांच्यापुढे उभी राहिली, "उजवा हात वर," म्हणाली आणि आपलाही उजवाच उचलला. काकांनी तिच्याकडे बघितलं आणि बिनधास्त डावा वर केला.

"काका, उजवा."

"ताई, तुम्ही जो दाखवला त्याच्यासमोरचाच केला की."

त्यांचं खरं होतं. समोर उभं राहायचं तर आरसाच व्हावं लागतं. मग तिने समोर उभं राहणंच सोडलं. ती काकांच्या शेजारी उभी राहिली, खांद्याला खांदा लावून, दोघांची तोंडं भिंतीकडे. तिचा उजवा, त्यांचा उजवा.

दोन दिवस काका भिंतीकडे बघत व्यायाम करत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अबोला धरलाय का ताई? तोंड फिरवून उभ्या असता."

"फिरवून नाही काका. तुमच्याच बाजूने उभी आहे."

"मग सुई पण तुम्हीच ओवा, म्हणजे झालं."

वीसच्या वीस पेशंटांबरोबर ती तशीच उभी राहायला लागली. मान दुखायची, कारण शेजारच्याचं बघायला सारखं वळावं लागे. कधी घाईत पाय आपोआप समोर जायचे, की ये रे माझ्या मागल्या. मग ती वाक्य अर्ध्यावर तोडायची, चक्कर मारून शेजारी यायची आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायची. मोठ्या मॅडमनी विचारलं, हे काय नवीन? तिने कारण सांगितलं. मॅडमनी आपले दोन्ही हात बघितले. मग म्हणाल्या, "मी परीक्षा आधी दिली आणि पेशंट नंतर बघितले, म्हणून सुटले."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात चुका दोनांवर आल्या. अठराला एक. एकोणीसला पुन्हा चार. सुनेने त्या रात्री जेवताना कुणाकडे बघितलं नाही. सकाळी कामावर निघताना ती म्हणाली, "आज साठ विचारा." विचारले. तीन चूक, बाजूची त्यात एकही नाही.

बावीस मार्चला परीक्षा. दोनशे प्रश्न, चार तास, संगणकांची रांग आणि मध्ये पुठ्ठ्याचे आडोसे. मोठ्याने वाचायची सोय नव्हती, म्हणून ती ओठ हलवत राहिली. एकशे सतराव्या प्रश्नावर अडली. डाव्या पायावर उभं राहिलं की रुग्णाची कंबर उजवीकडे खाली जाते. कमकुवत स्नायू कुठल्या बाजूचे? हात आपोआप उजव्या पर्यायाकडे गेला. तिने तो मागे घेतला. खाली जाते ती उजवी बाजू, पण उभा कोण आहे? मी उभी आहे. माझ्या डाव्या पायावर. तिने खुर्चीतल्या खुर्चीत सगळा भार डावीकडे टाकला आणि कमरेपाशी जोर कुठे लागतो ते बघितलं. डावीकडे. कंबर धरून ठेवायचं काम डाव्याचं, तेच त्याला झेपत नाही, म्हणून उजवी बाजू खाली येते.

पर्यवेक्षक जवळ आले. "काही हवंय का? बसायला त्रास होतोय?"

"नाही," ती म्हणाली, "उभी राहतेय."

ते तिच्याकडे बघत पुढे गेले. तिने डावा निवडला.

निकाल दोन एप्रिलला, सकाळी अकरा वाजता फोनवर येणार होता. अकराला शिंपीकाका टेबलापाशी बसलेले होते. त्यांचा अंगठा तर्जनीपर्यंत येत होता, पण टेकत नव्हता. फोन खिशात थरथरला. सुनेने काढला नाही.

"बघा की," काका म्हणाले. "मी कुठे पळतोय?"

"तुमची वीस मिनिटं झाल्यावर."

तिने खरोखरच वीस मिनिटं भरवली. अंगठा सोळा वेळा नेला, सतराव्या वेळी तो टेकला आणि निसटला. मग हात पुसून तिने फोन उघडला. दोनदा वाचलं. काकांनी तिच्या चेहऱ्यावरून काही ओळखायचा प्रयत्न केला, पण शेजारून नीट दिसेना. त्यांनी खुर्ची वळवली.

"झालं?"

"झालं."

मोठ्या मॅडम दारातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "उद्यापासून काकांना तू एकटी बघ." सून म्हणाली, "आजच बघते. अंगठा आत्ताच टेकलाय, थंड व्हायला नको."

घरी फोन लावायला साडेबारा वाजले. सासूबाईंनी पहिल्याच घंटेला उचलला.

"पास, आई."

पलीकडे वहीचं पान उलटलं. मग आवाज आला, "काठावर की पोटभर?"

"पास झालेल्यांना आकडा देत नाहीत."

"मग मी लिहू काय?"

"पास लिहा."

संध्याकाळी सून आली ती थेट उंच पाठीच्या खुर्चीत बसली आणि बसल्या बसल्या झोपली. सासूबाईंनी तिला उठवलं नाही. त्या जेवणाच्या टेबलापाशी बसल्या, पट्टीने समास आखला आणि लिहिलं:

२ एप्रिल, बुधवार. सून पास. गुडघा एकशे दहा अंश. पिठाचा डबा धुऊन पालथा घातला; झाकण अजून ओलं आहे.