हंड्यावरची दुसरी ओळ

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी कडेगाव भागातला तो तांब्याचा हंडा डोळ्यांसमोरून हलत नाही.

एका ऊसवाल्या शेतकऱ्याच्या परसातून पाण्याची मोटर आणि पाणी तापवायचा हंडा चोरीला गेला होता. हंड्यावर त्याच्या वारलेल्या वडिलांचं नाव कोरलेलं होतं. दोन दिवसांत खबऱ्यानं सांगितलं, "सायेब, खालच्या आळीचं एक पोरगं पहाटं त्या घरावरनं पळताना दिसतंय." आम्ही झडती घेतली. मोटर मिळाली नाही, पण न्हाणीत काजळीनं माखलेला हंडा होता आणि गळ्यापाशी तेच नाव. पंचनामा करून तो जप्त केला. तपास फत्ते झाला म्हणून मी खुशीत होतो.

पोरगा विशीतला. लष्कर भरतीची लेखी परीक्षा पास झालेला, म्हणून पहाटे पळायचा. त्याची आई म्हणाली, "आवं सायेब, माझ्या लग्नातला आहेर हाय त्यो. माझा बाप त्यांच्याच रानात राबला." फिर्यादी हसला. "गड्याच्या पोरीला एवढा हंडा कोन देतंय?" मलाही ते पटलं. सापडलेला माल आहेराचाच असल्याचं मी शंभरदा ऐकलं होतं, आणि माझ्या अनुभवाची मला भारी घमेंड होती.

चौकशीत पोरगा थरथरत होता. मोटरचं विचारलं की "न्हाई ठावं सायेब" एवढंच. ती भीती मी पुराव्यात धरली. आरोपपत्र दाखल झाल्यावर वर शहाणपणही शिकवलं, "खटला वर्षानुवर्षं चालेल. कोर्टात गुन्हा कबूल कर. पहिलाच आहे, चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटशील." तालुक्याच्या कोर्टात लहानसहान चोऱ्या बऱ्याचदा अशाच निकाली निघतात. मग भरतीचं काय, हे त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

तारखेला मुद्देमाल कोर्टात आणला होता. कबुली झाली की फिर्यादीला परत द्यायचा म्हणून. व्हरांड्यात हंडा पाहताच पोराच्या आईनं माझा हात धरला. "आत्ता ध्यानात आलं, नावाखाली माझ्या लग्नाची तारीख हाय सायेब. काजळीत बुजलीया. घासून बघा की!"

मी वाकलो. नावाखाली बोटाला खरखरीत लागलं. कोरलेली आणखी एक ओळ होती, जी माझ्या पंचनाम्यात नव्हती. आत पुकारा झाला होता, पोरगा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता. तो "कबूल" म्हणाला की जन्मभराचा चोर ठरणार होता, आणि तो शब्द मीच त्याला पढवला होता. कोयता घेऊन अंगावर आलेल्या माणसालाही मी एवढा भ्यालो नव्हतो. धावत जाऊन सरकारी वकिलांच्या कानाला लागलो. न्यायाधीशबाई विचारत होत्या, "गुन्हा कबूल आहे का?" पोरानं तोंड उघडलं, तेवढ्यात वकील उठले आणि त्यांनी वेळ मागितला.

न्यायालयाच्या परवानगीनं सगळ्यांसमोर हंडा घासला. शिपायानं चहाच्या टपरीवरून लिंबू आणलं होतं. तारीख निघाली, ती त्या बाईच्या लग्नाचीच. मग पुढील तपासात फिर्यादीच्या म्हाताऱ्या आईचा जबाब घेतला. "आमच्या मालकांनी जोडी घेतलीती. एक घरात ऱ्हायला, एक हिच्या लग्नात दिला. मला कवा कुनी इचारलंच न्हाई." म्हातारी फिर्यादीच्याच घरात, मी चोरीची जागा बघायला गेलो त्या दिवशी ओसरीवर बसलेली होती.

पोरगा सुटला. खरा चोर मला शेवटपर्यंत सापडला नाही. भ्यालेला माणूस गुन्हेगारच असतो असं नाही, हे शिकायला मला तीस वर्षांची नोकरी पुरली नव्हती.

मागच्या वर्षी सातारच्या स्टँडवर तो दिसला. अंगावर फौजी वर्दी, शेजारी आई. मी कौतुकानं पुढं झालो. मला ओळखताच तो दोन पावलं मागं सरला आणि त्यानं आईला पाठीमागं घेतलं.